रथाची खीळ आणि मोटारीचा बोल्ट

कैकेयीची कथा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. रणांगणावर दशरथाच्या रथाची खीळ निसटली, चाक गळून पडण्याची वेळ आली, तेव्हां तिनें त्या जागीं आपला हात घालून रथ सांवरून धरला. त्याबद्दल राजानें तिला दोन वर दिले, आणि त्या दोन वरांतून पुढचें सारें रामायण घडलें. एवढें थोर कथानक कथाकारांनीं एका वीतभर खिळीवर टांगलें, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. ज्यानें बैलगाडी हांकली आहे त्यास हें पक्कें ठाऊक असतें कीं, गाडीचा साटा कितीहि भक्कम असो, बैल कितीहि तगडे असोत, आंसाच्या टोकाची खीळ गेली म्हणजे गाडी रस्त्यांत बसलीच.

आज आम्ही ज्या वस्तूविषयीं लिहीत आहोंत ती या खिळीचीच वंशज आहे. मोटारीचीं चाकें व गाडीचा सांगाडा यांच्यामधील रचनेला सस्पेन्शन म्हणतात. रस्त्याचे धक्के तीच सोसते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या सस्पेन्शनचे बोल्ट गंजले किंवा झिजले असतां त्यांच्या जागीं नवे कसे निवडावे, हा आमचा विषय.

तो सुचला एका पत्रामुळें. आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी हल्लीं इंग्लंडांत असतात. त्यांनीं तेथें एक जुनी एम्. जी. बी. मोटार विकत घेतली. ब्रेक दाबला कीं मागून 'टक्' असा बारीक आवाज येई. जुनी गाडी कुरकुरायचीच, असें म्हणून त्यांनीं कांहीं महिने तिकडे दुर्लक्ष केलें. एके दिवशीं गाडी उचलून पाहिली, तों मागील पाट्याच्या एका टोकाशीं मूळच्या इंची बोल्टाच्या जागीं कोणीतरी जवळपासच्या मापाचा मेट्रिक बोल्ट बसविलेला आढळला. बोल्ट आपल्या जागीं हालत होता व भोक लांबट झालें होतें. पत्राच्या शेवटीं त्यांनीं एकच वाक्य लिहिलें होतें, तें असें कीं, याच गाडींतून ते रोज आपल्या मुलीस शाळेंत पोंचवीत असत.

ज्या मोटारीची ही हकीगत, तिची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. एम्. जी. हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. १९२९ सालीं या मोटारींचा कारखाना ऑक्सफर्डनजीक थेम्सकांठच्या ॲबिंग्डन गांवीं गेला. तेथेंच १९६२ पासून १९८० पर्यंत एम्. जी. बी. ही मोटार तयार होत असे, आणि एकंदरींत पांच लक्षांहून अधिक गाड्या त्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. गाडी लहान, ठेंगणी, दोघांपुरती. वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास. तिच्या पुढील प्रत्येक चाकामागें वेटोळ्याची स्प्रिंग व पोलादी हातांची एक जोडी असते. ते हात एका बाजूस गाडीच्या आडव्या तुळईला व दुसऱ्या बाजूस चाकाच्या किंगपिनला बोल्टांनीं जखडलेले असतात. मागें मात्र आपल्या टांग्याप्रमाणें पाट्यांच्या कमानी आहेत. पाट्याच्या पुढील डोळ्यांत रबराचा बुश असतो, त्याच्या पोटांत पोलादी नळी, व त्या नळींतून आरपार एक बोल्ट. पावसाळी हवा आणि बर्फ वितळविण्यासाठीं इंग्रजी रस्त्यांवर पसरलेलें मीठ यांमुळें हा बोल्ट नळीला आंतून असा कांहीं चिकटून बसतो कीं, पुष्कळदां तो कापूनच काढावा लागतो. कापला म्हणजे नवा पाहिजे. आणि येथूनच खरी परीक्षा सुरू होते.

पहिला प्रश्न आट्यांचा. वरवर पाहतां सर्व आटे सारखे दिसतात. परंतु त्यांच्या मागें शंभर वर्षांचा इतिहास आहे. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीप्रमाणें आटे पाडी, आणि एका ठिकाणची चाकी दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टावर चढत नसे. १८४१ मध्यें जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें सर्वांनीं एकच प्रमाण स्वीकारावें असें सुचविलें; त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा आटा पुढें मांडला. अशा रीतीनें एकच भाषा बोलणाऱ्या दोन राष्ट्रांच्या बोल्टांची भाषा मात्र भिन्न झाली. दुसऱ्या महायुद्धांत एका देशाच्या यंत्रास दुसऱ्या देशाचा बोल्ट बसेना, तेव्हां या भेदाची खरी किंमत कळून आली. अखेर १९४८ च्या नोव्हेंबर महिन्यांत ब्रिटन, अमेरिका व कानडा यांनीं वॉशिंग्टन येथें ६० अंशांचा 'युनिफाइड' आटा मान्य केला. एम्. जी. बी. या तहानंतरची गाडी असल्यामुळें तिच्या सस्पेन्शनमध्यें बहुतेक ठिकाणीं बारीक युनिफाइड आटा आढळतो. तिच्या आधींची, १९४५ ते १९४९ या काळांतली टी. सी. ही मोटार पाहिली तर सारेंच निराळें. त्या गाडीच्या एंजिनांतील पुष्कळ बोल्टांचे आटे फ्रेंच मेट्रिक मापाचे, पण डोकीं व्हिटवर्थच्या पान्याचीं! कारण असें कीं, मॉरिस यांनीं १९२३ सालीं कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच पेढीचा कारखाना विकत घेतला. त्यांतील यंत्रें मेट्रिक आटे पाडीत, आणि इंग्रज कारागिराच्या हातांत पाना तर इंग्रजी. म्हणून बोल्टाच्या डोक्यास पाना बसला एवढ्यावरून त्याच्या आट्याची जात ठरवूं नये.

अर्ध्या इंचाचा बोल्ट घेतला तर त्यावर दर इंचास व्हिटवर्थच्या जाड मापाचे १२ आटे असतात, युनिफाइडच्या जाड मापाचे १३, जुन्या ब्रिटिश बारीक मापाचे १६ व युनिफाइडच्या बारीक मापाचे २०. याहून अधिक फसवी जोडी पाव इंचाची. तेथें व्हिटवर्थचे आटे दर इंचास २० आणि युनिफाइडच्या जाड मापाचेहि २०. भेद केवळ कोनाचा. अशी चाकी अशा बोल्टावर फिरत फिरत चढतेहि. परंतु दांत दांतांत नीट बसत नाहींत, आणि भार कांहीं थोड्या जागेवरच पडतो. मेट्रिक बोल्टाची गोष्ट तर आरंभीं सांगितलीच आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्या भोकांत १२ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर ०.७ मिलिमीटर जागा मोकळी राहते. कागदाच्या पांच-सात पानांएवढी ही फट. पण प्रत्येक धक्क्यासरशीं ती भोकाला खात जाते. यास्तव कारागीर आटे मोजण्याची पट्टी जवळ बाळगतो व जुना बोल्ट फेंकून देण्यापूर्वीं त्यावर ती लावून पाहतो. पुष्कळ ब्रिटिश बोल्टांवर युनिफाइड आट्याची खूणहि असते: डोक्यावर वाटोळा खळगा, किंवा बाजूवर एकमेकांस लागून काढलेलीं तीन वर्तुळें.

दुसरा प्रश्न लांबीचा, आणि यांतच नवखा मनुष्य फार चुकतो. लांबी म्हणजे डोक्याखालून टोंकापर्यंतचें माप, एवढें तर सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्या लांबीपैकीं किती भाग गुळगुळीत व किती भाग आट्यांचा, हेंहि पाहिलें पाहिजे. अर्ध्या इंचाच्या गुळगुळीत दांड्याचा छेद ०.१९६ चौरस इंच भरतो. त्यावरच बारीक युनिफाइड आटे पाडले कीं भार सोसणारा छेद ०.१६० चौरस इंच उरतो, म्हणजे जवळजवळ पांचवा हिस्सा गेला. शिवाय आट्याची प्रत्येक खांच ही तडा सुरू होण्यास आयती जागा. म्हणून जेथें दोन पत्रे एकमेकांवर सरकूं पाहतात, तेथें बोल्टाचा गुळगुळीत भागच आला पाहिजे. आटे त्या जागेच्या पलीकडे असावे. टोंकापासून डोक्यापर्यंत आटे पाडलेला स्क्रू दुकानांत त्याच लांबीचा व स्वस्त मिळतो, पण सस्पेन्शनमध्यें त्याला जागा नाहीं. याच्या उलट गुळगुळीत भाग फाजील लांब असला तर चाकी त्याच्यावर जाऊन अडते. हाताला वाटतें कीं बोल्ट घट्ट झाला, आणि आंत पत्रे मोकळेच राहतात.

तिसरा प्रश्न बळाचा. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर त्याची शपथ कोरलेली असते. जुन्या ब्रिटिश बोल्टावर 'एस्' अक्षर असलें तर तो दर चौरस इंचास निदान ५० टन ताण सोसतो असें समजावें; 'व्ही' असलें तर ६५ टन. अमेरिकन बोल्टाच्या डोक्यावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या तीन रेघा असल्या तर ती पांचवी प्रत, आणि सहा रेघा असल्या तर आठवी. मेट्रिक बोल्टावर ८.८, १०.९ असे आंकडे असतात. त्यांचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पहिल्या आंकड्यास १०० नें गुणावें, म्हणजे तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरास किती न्यूटन ताणावर तुटेल तें कळतें. दुसरा आंकडा त्या ताणाचे दशांश सांगतो. तेवढ्या ताणावर बोल्ट कायमचा लांबूं लागतो. अर्थात् ८.८ चा बोल्ट ८०० न्यूटनवर तुटेल व ६४० वर लांबूं लागेल. 'एस्' प्रत, पांचवी प्रत आणि ८.८ ह्या तिन्ही साधारण एकाच तोलाच्या आहेत. ज्या बोल्टाच्या डोक्यावर कांहींच खूण नाहीं, तो फाटकाच्या बिजागरीला खुशाल वापरावा. मोटारीच्या चाकामागें वापरूं नये.

येथें दोन मोह उभे राहतात. पहिला चकाकीचा. स्टेनलेस पोलादाचा बोल्ट गंजत नाहीं, सुंदर दिसतो, महागहि असतो. मग त्याहून उत्तम तें काय? परंतु सर्वत्र मिळणाऱ्या ए-२-७० या जातीचा स्टेनलेस बोल्ट ४५० न्यूटनच्या ताणालाच लांबूं लागतो, आणि साधा काळा ८.८ चा बोल्ट ६४० पर्यंत टिकून राहतो. शिवाय स्टेनलेसची चाकी स्टेनलेसच्या बोल्टावर आवळतांना दोन्ही धातु एकमेकींस धरून बसतात व आटे फाटतात. दिव्यांच्या कड्यांना, शोभेच्या पट्ट्यांना तो जरूर लावावा.

दुसरा मोह अतिबळाचा. ८.८ चांगला, तर १२.९ त्याहून चांगला असणार, असें सहज वाटतें. पण पोलाद जों जों कठीण करावें तों तों तें खांचेला व तड्याला भिऊं लागतें. यांत रसायनशास्त्राची एक विलक्षण गोष्ट येते. गंज चढूं नये म्हणून बोल्ट अम्लांत धुऊन विजेच्या साह्यानें त्यावर जस्ताचा मुलामा देतात. त्या वेळीं हायड्रोजन वायूचे, ज्याला आपल्या जुन्या पुस्तकांत उज्ज म्हणत असत त्याचे, परमाणु पोलादांत शिरतात. मऊ पोलादास त्याची बाधा होत नाहीं. फार कठीण पोलादांत मात्र ते दबा धरून बसतात. बोल्ट आवळला, गाडी घरीं आली, आणि कांहीं तासांनीं किंवा दिवसांनीं उभ्या गाडींत तो बोल्ट कांचेसारखा तुटतो! म्हणून कठीण बोल्टास मुलामा दिल्याबरोबर सुमारे २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत कित्येक तास ठेवून तो वायु बाहेर काढावा लागतो. हें कोणी केलें कीं नाहीं तें डोळ्यांनीं दिसत नाहीं. ज्यानें गाडी योजिली त्यानें ज्या प्रतीचा बोल्ट सांगितला, तीच प्रत घ्यावी. खालची तर नाहींच, आणि हौसेखातर वरचीहि नाहीं.

परंतु डोक्यावरची शपथच खोटी असेल तर? अशी फसवणूक अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आली. आठव्या प्रतीच्या सहा रेघा मिरविणारे कित्येक बोल्ट प्रत्यक्षांत हलक्या बोरॉन-पोलादाचे निघाले. थंड असतां ते कसोटीस उतरत. उष्णता लागली कीं त्यांचें बळ खऱ्या बोल्टांपेक्षां लवकर ओसरे. प्रकरण इतकें वाढलें कीं, १९९० सालीं त्या देशास बोल्टांच्या गुणवत्तेविषयीं स्वतंत्र कायदा करावा लागला. बोल्टावर खोटी रेघ ओढणाऱ्या मनुष्यास तो बोल्ट पुढें कोणाच्या चाकामागें जाईल हें कधींच कळत नसतें. तरी त्याचें पाप त्यामुळें हलकें होत नाहीं. खरेदी करणाऱ्यानें म्हणून अशा दुकानदाराकडे जावें, जो माल कोठून आणला तें सांगतो, आणि डोक्यावर प्रतीबरोबर करणाराचीहि खूण आहे असें पाहून घ्यावें.

बोल्ट योग्य निवडला तरी काम निम्मेंच झालें. तो आवळण्यांत उरलेलें निम्में आहे. बोल्ट म्हणजे भोकांत अडकविलेली खुंटी, अशी पुष्कळांची समजूत असते. आपल्या गांवच्या लोहाराचें काम आठवावें. बैलगाडीच्या लांकडी चाकावर तो लोखंडी धाव चढवितो, ती तापवून. धाव निवतांना आकसते व चाकाच्या सर्व पाट्यांना चहूंकडून आवळून धरते. तिला खिळे मारावे लागत नाहींत. बोल्टाचेंहि तसेंच आहे. चाकी फिरविली कीं तो केसभर ताणला जातो, आणि पूर्वस्थितीस येण्याच्या ओढीनें दोन्ही पत्र्यांना घट्ट दाबून धरतो. पत्रे एकमेकांवर घांसून धरलेले असले म्हणजे सरकत नाहींत, आणि रस्त्याचा धक्का बोल्टाच्या अंगावर फारसा येतच नाहीं. ताण सैल पडला कीं तोच बोल्ट प्रत्येक खड्ड्यांत थोडथोडा वांकूं लागतो. आणि तार पुन्हां पुन्हां वांकविली असतां शेवटीं काय होतें, तें प्रत्येक मुलानें करून पाहिलेलें आहे.

हा ताण मोजण्यासाठीं जोर दाखविणारा पाना वापरतात. पण आपण लावलेल्या जोरापैकीं सुमारे निम्मा डोक्याखालच्या किंवा चाकीखालच्या घर्षणांत जातो, आणखी शंभरांत चाळीस भाग आट्यांच्या घर्षणांत. बोल्ट ताणण्यास उरतात जेमतेम दहा. म्हणून आटे कोरडे आहेत कीं तेल लावलेले, यानें फार फरक पडतो. गाडीच्या पुस्तकांत कोरड्या आट्यांसाठीं दिलेला जोर तेलकट आट्यांवर लावला तर बोल्ट भलताच ताणला जातो. चाकीच्या तोंडाशीं नायलॉनचें कडें असेल तर ती एकदां काढल्यावर पुन्हां वापरूं नये. खांचेची चाकी असेल तर स्प्लिट पिन नवी घालावी. रबरी बुशाच्या बोल्टाविषयीं आणखी एक नियम आहे. गाडी अधांतरीं टांगलेली असतां तो पुरा आवळूं नये. चाकें जमिनीवर टेकवून, गाडीचें ओझें पाट्यांवर पडूं द्यावें व मग शेवटचा फेर द्यावा. एरवीं रबर जन्मभर पिळलेलेंच राहतें आणि लवकर फाटतें.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनीं पुढें काय केलें, तें सांगून हा लेख संपवितों. लांबट झालेलें भोक नव्या बोल्टानें बरें होत नाहीं; म्हणून त्यांनीं एका कसबी कारागिराकडून ती जागा नवें पोलाद जोडून पूर्ववत् करून घेतली. मग योग्य आट्याचा, योग्य गुळगुळीत लांबीचा, योग्य प्रतीचा बोल्ट गाडी जमिनीवर उभी असतां आवळला, आणि चाकी व पत्रा यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, जेणेंकरून चाकी रेघभर जरी फिरली तरी नजरेस यावी. बोल्टाची किंमत मुलीच्या एका वहीएवढी होती, असें ते लिहितात. टक् असा आवाज बंद झाला. पूर्वीं ज्यानें तो चुकीचा बोल्ट बसविला, तो कदाचित् दुष्ट नव्हता. त्याच्या हाताशीं जें आलें तें त्यानें घातलें, आणि तें चालून गेलें. 'चालून जाईल' या दोन शब्दांनीं जगांत जितकीं चाकें निखळलीं असतील, तितकीं वाईट पोलादानें निखळलीं नसतील.

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वांट्यास एम्. जी. बी. येणार नाहीं, सायकल मात्र पुष्कळांजवळ आहे. उद्यां सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं पुढल्या चाकाच्या दोन्ही चाक्या व ब्रेकचे बोल्ट एकदां पाहावे, एवढीच आमची विनंति. एखादा सैल, गंजलेला किंवा परका आढळला तर वडिलांना दाखवावा, आणि पालकांनींहि तो उद्यांवर टाकूं नये.